गाडी पाणी पिते म्हणजे काय?

ह्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ विषय येऊन गेले. त्यांच्या रांगेत मोटारीच्या इंजिनातले पाणी हा विषय थोडा ओशाळवाणा दिसेल, ह्याची आम्हांस कल्पना आहे. परंतु सभेला आलेल्या मंडळींची जी वाहने मांडवाबाहेर उभी असतात, त्यांत पंधरावीस वर्षे वापरलेल्या मोटारी थोड्याथोडक्या नसतात. आणि अशा मोटारीच्या मालकाची एक तक्रार ठरलेली असते. पाणी रोज कमी होते, पण गळत मात्र कुठेच नाही. गॅरेजमधले मेस्त्री हे प्रकरण तीन शब्दांत निकालात काढतात: गाडी पाणी पिते.

आम्ही तीसएक वर्षे टॅक्सी आणि ट्रकच्या चालकांत वावरलो. आधी क्लीनर म्हणून, मग चालक म्हणून, आणि पुढे त्यांच्या संघटनेचे काम करणारे म्हणून. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. जे कळले ते गाडीखाली आडवे पडून आणि रात्री पुस्तके वाचून कळले. त्या अनुभवावरून सांगतो, की ही तक्रार दोन प्रकारच्या माणसांच्या तोंडी दोन प्रकारे ऐकू येते. घरची गाडी असणारा गृहस्थ ती कुतूहलाने सांगतो. दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरणारा चालक ती भीत भीत सांगतो, कारण पाणी संपून इंजिन तापले, हेड वाकले, की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "सकाळी पाणी बघितले होतेस का?" त्या प्रश्नाच्या उत्तरावर काही हजारांचे बिल कुणाच्या खिशातून जायचे ते ठरते. तेव्हा पाणी नेमके कुठे गेले, हा आमच्या लेखी नुसता यंत्राचा प्रश्न नाही.

प्रथम यंत्र समजून घेऊ. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानाने पाव ते तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुरावाटे सायलेन्सरमधून निघून जाते, आणि उरलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते. पाणी ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरते, तापते, रेडिएटरमध्ये येऊन निवते, आणि पंप त्याला पुन्हा आत ढकलतो. पाणी म्हणताना आम्ही त्यात कूलंटही धरतो. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी ह्यांचे मिश्रण, व त्यात गंज रोखणारी द्रव्ये. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्याची गरज. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, म्हणून पुष्कळ लोक नळाचे, नाहीतर बोअरचे पाणी ओततात. गंज आणि क्षार ह्यांना मात्र देशाची थंडी लागत नाही. आज आपण ज्या गळत्यांचा शोध घेणार आहोत, त्यांतल्या कितीतरी अशा पाण्यानेच वर्षानुवर्षे आतून कोरून तयार केलेल्या असतात.

ह्या सबंध व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. लोक त्याला डब्याचे झाकण समजतात. वास्तविक ते प्रेशर कुकरच्या शिट्टीचे भावंड आहे. पाणी उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते, महाबळेश्वरी सुमारे ९६ अंशांनाच उकळते. पण बंद भांड्यात हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब चढवला, तर १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा कोरलेला असतो, तो ह्या दाबाचा. झाकणात दोन झडपा असतात. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की पहिली उघडते आणि जादा पाणी शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जाते. इंजिन निवले, की आत पोकळी होते, दुसरी झडप उघडते आणि तेच पाणी परत ओढले जाते. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबराची चकती कडक पडली, तर पाणी बाटलीत जाते ते परत येत नाही. अथवा ठरल्या वेळेच्या आधीच उकळून वाफ होऊन निघून जाते. गाव सपाट असेल तोवर हे लक्षातही येत नाही. घाट लागला की येते. खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकून जे चालक गाडी जरा थांबवीत, त्यांतल्या पुष्कळांना देवाइतकीच इंजिनाला दम देण्याचीही निकड असे. शेदोनशे रुपयांचे झाकण बदलल्याने थांबलेल्या अशा किती "पिणाऱ्या" गाड्या आम्ही पाहिल्या, त्याची मोजदाद नाही.

आता शोधाकडे वळू. पाणी नाहीसे होत नसते. ते कुठेतरी जाते. पण त्याच्याही आधी विचारावे, की ते खरोखर गेले आहे काय? जुन्या फियाट-अँबॅसडरच्या जमान्यातल्या पुष्कळ गाड्यांना बाटली नसे. रेडिएटरच्या गळ्याशी एक बारीक नळी असे आणि तिचे तोंड रस्त्याकडे. असा रेडिएटर काठोकाठ भरला, तर जादा पाणी बाहेर पडणारच. चार लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापले, की ते जवळजवळ दीडशे मिलिलिटर फुगते. म्हणजे एक मोठा पेला चहा. इमानी चालक रोज सकाळी काठोकाठ भरी, आणि गाडी रोज पेलाभर सांडी. दोघेही आपापल्या धर्माला जागत होते. अशी गाडी दोन दिवस न भरता सोडून द्यावी. पाणी आपली पातळी आपण ठरवते आणि तिथे थांबते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी आता टॅक्सीतळावर दिसत नाहीत. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या बंद झाल्या. तरी हौसेने सांभाळलेल्या फियाट पुष्कळ घरी आहेत, म्हणून हे सांगितले.

बाटली असलेल्या गाडीत इंजिन पूर्ण थंड असता, सकाळी, गाडी सपाट जागी उभी करून, बाटलीवर पेनाने रेघ मारावी आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. आठवडाभर हेच करावे. "रोज लागते" आणि "तीनशे किलोमीटरला पाव लिटर लागते" ह्या दोन जबान्यांत फार अंतर आहे. दुसरीवर विचार करता येतो. वहीत आणखी एक गोष्ट लिहावी: पाणी केव्हा गेले? उभ्या गाडीतून रात्री गेले, घाटात गेले, की गर्दीत रखडताना गेले? कारण इथे एक गाठ असते आणि ती अनुभवी माणसांकडूनही उलटी सुटते. पाणी गेले म्हणून इंजिन तापले, की इंजिन तापले म्हणून पाणी गेले? रेडिएटरचा विजेचा पंखा गर्दीत फिरेनासा झाला, किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल व कीटक भरून हवा अडली, तर आधी गाडी तापते आणि मग झाकणावाटे पाणी फेकते. थर्मोस्टॅट हा साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडणारा दरवाजा; तो बंद अवस्थेत अडकला तरी हेच. (आपल्याकडे तो काढूनच फेकण्याची रीत आहे. "गरम देशात काय करायचा?" असे म्हणतात. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जाते, आणि तेल घाण होते. रोग्याचा ताप मोजवत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यापैकी हा प्रकार.) अशा गाडीत गळती शोधत बसणे म्हणजे सांडलेल्या दुधावरून भांड्याला भोक आहे असे ठरवणे; प्रत्यक्षात चूल मोठी असते.

पाणी आधीच जाते असे ठरले, की बाहेरची गळती पाहावी. "गळत नाही" म्हणणारा माणूस बहुधा गाडीखालची फरशी पाहून बोलत असतो. पण हिशेब करा. सेकंदाला एक थेंब गळला, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर ह्या मानाने तासाला १८० मिलिलिटर होतात. पाच तासांच्या प्रवासात जवळजवळ लिटर. तो थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडला, तर चर्र होऊन जागीच वाफ होतो आणि फरशीपर्यंत पोचतच नाही. शिवाय गाडी उभी राहिली, की दाब उतरतो आणि गळती बंद. म्हणजे आपण पाहायला वाकतो तेव्हा चोर घरी जाऊन झोपलेला असतो. मागे राहतो तो डाग: वाळलेल्या कूलंटची हिरवी, तांबूस किंवा पांढरी पूड. टॉर्च आणि जुना आरसा घेऊन हा डाग शोधावा.

पंप नीट पाहावा. पाण्याच्या पंपात फिरता दांडा असतो, आणि पाणी दांड्यावरून बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून मध्ये सील. ते झिजले, की पाणी पुढे येते. बेअरिंगचे रक्षण व्हावे म्हणून पंपाच्या पोटाशी मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते, त्यातून ते खाली ठिबकते. पुष्कळांना हे छिद्र म्हणजे पंप फुटला असे वाटते, आणि कोणी ते एम-सीलने बुजवतातही! बुजवले की पाणी बेअरिंगात शिरते आणि थोड्याच दिवसांत पंप करकरू लागतो. छिद्राखाली डागाची बारीक रेघ दिसली, तर पंपाने नोटीस दिली असे समजावे. होज पाईपच्या क्लिपांचे चलनवलन वेगळे असते. रबर थंडीत आकसते, तापले की फुगते. म्हणून कित्येक क्लिपा फक्त पहाटे गळतात आणि इंजिन तापताच शहाण्यासारख्या बंद होतात. पाईप हाताने दाबून पाहावा. कुरकुरीत लागला किंवा चिखलासारखा मऊ लागला, तर बदलावा.

ब्लॉकच्या अंगावर पातळ पत्र्याच्या वाट्यांसारखी बुचे ठोकलेली असतात. ती कोअर प्लग. ती आतून गंजतात, आणि त्यांतली एखाददुसरी हमखास अशा जागी असते, जिथे आरशावाचून नजर पोचत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीत आणखी एक जागा वाढते. गॅसचा दाब उतरवताना रेड्यूसर थंडगार पडतो, तो गोठू नये म्हणून इंजिनाचे गरम पाणी दोन जादा नळ्यांनी त्याच्याकडे नेलेले असते. दोन नळ्या म्हणजे चार क्लिपा. आणि त्या इंजिन बनवणाराने नव्हे तर किट बसवणाराने कसलेल्या. तसाच हीटर. आपल्याकडे तो कोणी लावत नाही, म्हणून तो आहे हेच लोक विसरतात. पण त्याचा लहानसा रेडिएटर डॅशबोर्डाच्या आत असतो आणि पुष्कळ गाड्यांत पाणी त्यातून सदा फिरत असते. पायाखालचा गालिचा ओला लागला, काचेवर आतून चिकट धुके धरले, गोडसर वास आला, तर तिकडे पाहावे. एअर कंडिशनरचे पाणीही गाडीखाली ठिबकते, पण ते नुसते पाणी असते, त्याला ना रंग ना चिकटपणा. ओळखायला जिभेला लावून पाहणारे लोक आहेत. तसे कदापि करू नये. इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि ते विष आहे. सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू नये म्हणून पुसून धुऊन टाकावे, आणि उरलेले शीतपेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये.

डोळ्यांनी काहीच सापडले नाही, तर हातपंप आणावा. सायकलच्या पंपासारखा हा पंप झाकणाच्या जागी बसतो; इंजिन थंड असता झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काटा पाहत बसायचे. पंधरा मिनिटांत काटा ढळला नाही, तर झाकण ह्याच पंपावर लावून तपासावे. काटा ढळला, की गळती आहे. मग कान लावा, हात फिरवा. इंजिन बंद, पंखा बंद, अंगावर वाफ येण्याचे भय नाही, आणि चोर मात्र कामावर हजर. गरम गाडीचे झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. दाबाखालचे ११० अंशांचे पाणी मोकळे होताच वाफ होऊन उसळते; असे भाजलेले हात आणि चेहरे आम्ही पाहिले आहेत.

काटा उतरतो, पण बाहेर थेंब नाही. तेव्हा कुठे आतल्या गळतीचा संशय घ्यावा. हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामध्ये जे गॅस्केट असते, त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: आग, पाणी आणि तेल. पेट्रोल पेटते त्या क्षणी सिलिंडरात हवेच्या तीसचाळीस पटींहून अधिक दाब असतो आणि पाण्यात फार तर दुप्पट. साहजिकच गॅस्केटला फट पडली, की चालत्या इंजिनात पाणी आत जाण्याऐवजी प्रथम धूरच पाण्यात शिरतो, आणि पाण्याला बाटलीवाटे बाहेर हुसकतो. इंजिन थांबले, सिलिंडरातला दाब संपला, की मग पाणी उलट्या वाटेने आत झिरपते. म्हणून थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज पाईप दगडासारखा कडक झाला, किंवा बाटलीत एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर ती खूण मोठी. तसेच सकाळी इंजिन पहिले मिनिटभर एका सिलिंडरावाचून अडखळले, तर तीही.

खोट्या खुणाही आहेत, आणि त्यांच्यापायी फुकट खोललेली इंजिने पुष्कळ आहेत. थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, पाणी ठिबकते. एवढ्यावरून "गॅस्केट गेले" असे सांगण्यात येते. पण एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते धुराबरोबर जाते आणि थंड नळीत दिसू लागते. गाडी तापल्यावरही दाट, गोडसर वासाची वाफ येत राहिली तर गोष्ट वेगळी. तेलाच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा थर दिसतो, त्याचेही तेच. पावसाळ्यात बाजारापुरती फिरणारी गाडी असेल तर तो नुसत्या दमटपणाचा असू शकतो. डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ दिसले, किंवा तेलाची पातळी न ओतता वाढली, तर मात्र इंजिन त्या क्षणी बंद करावे.

निर्वाळा देणारी एक साधी परीक्षा आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू नावाच्या रंगाचे निळे द्रावण काचेच्या नळीत घेऊन, ती नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्या द्रावणातून ओढतात. इंजिनाचा धूर पाण्यात शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळे द्रावण पिवळे पडते. पाण्याची पातळी आधी थोडी उतरवावी, नाहीतर नळीत पाणीच ओढले जाते. दुसरी परीक्षा प्लगांची: चार प्लगांपैकी तीन बदामी आणि एक धुतल्यासारखा पांढरा, तर त्या सिलिंडरात पाणी जाते. हातपंपाने दाब भरून गाडी रात्रभर ठेवावी, सकाळी प्लग काढून मगच स्टार्टर फिरवावा. भोकातून फवारा आला तर आणखी पुरावा नको. प्लग न काढता फिरवला आणि आत पाणी साचलेले असले, तर पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकतो.

इथे काट्याविषयी सांगणे भाग आहे. २००८ सालच्या उन्हाळ्यात एका जुन्या टॅक्सीचे हेड वाकले. चालकाचे म्हणणे, "साहेब, काटा वर गेलाच नव्हता." चारपाच टॅक्सींचे मालक म्हणाले, हा खोटे बोलतो, आणि रोजच्या हिशेबातून पैसे कापायला सुरुवात केली. प्रकरण आमच्याकडे आले. मालकांना आम्ही एवढेच म्हटले, "शेठ, हेड बसवून झाले की गाडीला पंप लावू, मग कापायचे ते कापा." पंप लावला; ब्लॉकच्या मागच्या अंगाचा कोअर प्लग सुईच्या अग्राएवढा गंजला होता, आणि दाब चढला की पाण्याची बारीक धार गरम ब्लॉकवर उडत होती. राहिला काटा. काट्याला बातमी देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली उतरले, की तो वाफेत किंवा कोरड्या हवेत लोंबकळतो, आणि इंजिन भाजत असताना काटा मध्येच राहतो, कधी खालीही येतो. चालक खरे बोलत होता. पैसे कापणे थांबले, कापलेले परत मिळाले. गाडी बंद होती त्या नऊ दिवसांची कमाई मात्र त्याला कुणी दिली नाही, आणि त्यासाठी भांडायला आमच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता. त्यानंतर सकाळची पातळी लिहिण्याची वही आम्ही आमच्या सभासदांना सक्तीची केली. पुष्कळ जण कुरकुरले. काही अजून कुरकुरतात.

वाटेत अडकल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची रीत चालकांत जुनी आहे. बारीक छिद्र तिने बुजते, हे खरे. बाजारात मिळणारी द्रव्येही त्याच जातीची. परंतु हळदीला छिद्र कोणते आणि रेडिएटरची अरुंद नळी कोणती, हा भेद कळत नाही. गाव गाठण्यापुरता उपाय म्हणून ठीक. पोचल्यावर सर्व पाणी काढून व्यवस्था धुवावी.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना हीटरची कळ गरम बाजूस ठेवावी, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे, आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरत राहावे. आत अडकलेली हवा पहिल्या दोनतीन दिवसांत बाहेर पडते आणि पातळी थोडी उतरते. ती गळती समजू नये. एकदा भरावे, रेघ मारावी, आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहावे.